कारखान्यातील ख्रिस्ती माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा पगारवाढ, बोनस किंवा कंत्राटी पद्धत अशा एखाद्या विषयावर आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसभेत बोलतोच. आज विषय निराळा घेतला आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा माणूस कारखान्यात आपली श्रद्धा कशी पाळतो, आणि भोवतालचे लोक त्याच्यावर कोणते दडपण आणतात, हा तो विषय. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. आमचा जन्म माळकऱ्याच्या घरातला, शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत, आणि पुढचे वाचन युनियनच्या कपाटातल्या आणि रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर झालेले. तेव्हा धर्मशास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एका ख्रिस्ती सोबत्याने आमच्यापुढे एक प्रश्न टाकला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमची बरीच वर्षे गेली. ते उत्तर जेवढे हाती लागले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आहे. आम्ही तेव्हा एका इंजिनिअरिंग कारखान्यातल्या युनियनचे चिटणीस होतो. खंडेनवमीला कारखान्यात काय थाट असतो तो आपल्याला ठाऊक आहे. आदल्या दिवशी यंत्रे पुसायची, तेलपाणी करायचे, सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, लिंबू, नारळ. ज्याचे यंत्र त्याने नारळ फोडायचा. लेथवर आमचा एक सोबती होता, नगर जिल्ह्यातला, घरी तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. त्या दिवशी त्याचा लेथ सगळ्या खात्यात चकचकीत असे. पण कुंकू तो लावत नसे आणि नारळ फोडत नसे. आमची आरती चालू असताना टोपी काढून, मान खाली घालून तो स्तब्ध उभा राही, आणि नंतर सर्वांबरोबर पेढा खाई.

बरीच वर्षे कोणी काही बोलले नाही. एका वर्षी मात्र खंडेनवमीनंतर आठवड्याच्या आत त्याच खात्यातल्या पॉवरप्रेसवर एका तरुण पोराची दोन बोटे गेली. कुजबुज सुरू झाली. ह्याने पूजा मोडली म्हणून यंत्राने बळी घेतला, असे बोलले जाऊ लागले. कोणी म्हणाले, त्याचा देव साहेबाचा देव, त्याला आपल्या यंत्राची काय पर्वा! डबा खाताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

युनियनची निवडणूक जवळ आली होती. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या मंडळींनी चहा दिला. आम्ही म्हणालो, "एक नारळ फोडला तर तुझं काय बिघडतं? लोकांचं तोंड तरी बंद होईल." तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, यंत्राला मी नावं ठेवीत नाही. त्याच्यावर माझी पोरं जेवतात. पण हात जोडायचे ते मी एकालाच जोडतो. लोकांसाठी खोटे हात जोडले, तर उद्या माझी सहीसुद्धा खोटी समजा." आम्ही चिडून परत आलो. हा माणूस हट्टी आहे, संघटनेपेक्षा स्वतःचा देव त्याला मोठा वाटतो, असे तेव्हा आमचे मत झाले. ते मत चुकीचे होते हे आम्हांला दोन गोष्टींनी शिकवले. एक त्या अपघाताच्या चौकशीने. तिच्याविषयी शेवटी सांगू. दुसरी, फ्रान्स देशातल्या काही धर्मगुरूंच्या हकीकतीने. ती आधी सांगितली पाहिजे, कारण श्रद्धा आणि काम ह्यांचा झगडा इतका उघडपणे दुसरीकडे झालेला आमच्या वाचनात नाही.

फ्रान्स हा कॅथलिक देश म्हणून ओळखला जाई. परंतु कारखान्यांच्या शहरांतला कामगार चर्चपासून केव्हाच दूर गेला होता. ह्याचे कारण समजायला कठीण नाही. चर्चमध्ये पुढच्या रांगेत मालक बसे. संप झाला की प्रवचनात आज्ञाधारकपणाचे गुण ऐकू येत. 1891 साली तेरावे लिओ पोप ह्यांनी कामगारांच्या स्थितीवर एक मोठे परिपत्रक काढून न्याय्य मजुरीचा आणि संघटना करण्याचा हक्क मान्य केला. पण तोवर फ्रेंच कामगाराच्या मनात चर्च म्हणजे मालकाचे घर हे समीकरण बसले होते. आमच्या कारखान्यात 'साहेबाचा देव' म्हणत, तिथे 'मालकाचा देव' म्हणत असत असे समजा. पाद्र्याचा लांब काळा झगा दिसला की कामगार तोंड फिरवी.

1943 साली आंरी गोदँ आणि इव्हाँ दानिएल ह्या दोन धर्मगुरूंनी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच प्रश्न होता : फ्रान्स हा आता मिशनरी पाठवण्याजोगा देश झाला आहे काय? जसे मिशनरी परदेशात जाऊन तिथली भाषा शिकतात, तिथल्या लोकांत राहतात, तसे कामगारवस्तीत जाऊन राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्युआर ह्यांनी ते मनावर घेतले आणि त्यातून 'पॅरिस मिशन' उभे राहिले. गोदँ स्वतः जानेवारी 1944 मध्ये, काम नुकते सुरू होत असतानाच, मरण पावले.

त्याच्याही आधी, 1941 साली, झाक लव नावाचे एक डोमिनिकन धर्मगुरू मार्सेय बंदरात गोदीकामगार म्हणून ओझी वाहू लागले होते. ते पूर्वाश्रमीचे वकील. गोदीकामगारांची स्थिती अभ्यासायला गेले, आणि कागदावर अभ्यास होत नाही असे दिसताच स्वतः पाठीवर ओझे घेतले. पुढे 1943 मध्ये जर्मनांनी लाखो फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीतल्या कारखान्यांत कामाला नेले. त्यांच्याबरोबर धर्मगुरू पाठवायला नाझी सरकारची परवानगी नव्हती. तेव्हा काही धर्मगुरू आपली ओळख लपवून कामगार म्हणून गेले. त्यांच्यात आंरी पेरँ हा येशूसंघाचा एक तरुण धर्मगुरू होता. लाइपझिगच्या कारखान्यात तो काम करीत होता. ओळख उघडी पडली, गेस्टापोने पकडले, तुरुंगात टाकले आणि शेवटी मायदेशी हाकलले. 1945 साली त्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली. ती आम्ही इंग्रजी भाषांतरातून शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तिच्यात आम्हांला सर्वांत लागलेली गोष्ट अशी की, जन्मभर लोकांना उपदेश करणारा वर्ग लोकांपासून किती लांब राहतो हे ह्या माणसाला यंत्रापुढे उभे राहिल्यावर कळले. आमच्या व्यवसायातल्या पुढाऱ्यांनीही हे वाचावे.

युद्ध संपल्यावर हे 'कामकरी धर्मगुरू' पॅरिस, लिमोज, बोर्दो, मार्सेय अशा ठिकाणी कारखान्यांत, गोदीत, बांधकामांवर शिरले. त्यांची एकूण संख्या शंभराच्या आसपासच होती. परंतु त्यांच्या राहणीकडे पाहा. झगा उतरवला, निळी डगली घातली. चर्चचे वेतन नाही. इतरांप्रमाणे हजेरीवर पगार. कामगारवस्तीत एक खोली. पाळी संपली की त्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर मिस्सा, शेजारीपाजारी येतील तेवढे. कारखान्यात प्रवचन नाही, पत्रके वाटणे नाही, कोणाला बाटवणे नाही. पुष्कळांनी तर आपण धर्मगुरू आहोत हे सुरुवातीला सांगितलेही नाही. सोबत्यांना ते हळूहळू कळे.

इथे एक प्रश्न आपण विचाराल. प्रवचन करायचे नाही, तर मग धर्माचे काम ते कोणते? ह्याचे उत्तर त्यांच्या धर्माच्या मुळाशीच आहे. येशू हा सुतार होता. पौल हा तंबू शिवून पोट भरी, आणि मंडळीवर आपला भार पडू नये ह्याचा त्याला अभिमान होता. ह्या धर्माचा पहिला प्रसार कामकऱ्यांच्या हातांनी झाला. तेव्हा सोबत्याच्या वाट्याचे ओझे आपणही उचलणे, त्याच्या पगारात जगणे, त्याच्या भीतीत भागीदार होणे, हीच साक्ष आहे असे ते मानीत. ती साक्ष काहींना फार महाग पडली. मिशेल फाव्रो नावाचा तरुण धर्मगुरू 1951 साली बोर्दोच्या गोदीत काम करताना अपघातात ठार झाला.

आता दडपणाकडे वळू. ते दोन बाजूंनी आले, आणि हाच ह्या हकीकतीतला शिकण्याचा भाग आहे.

पहिले दडपण कामगारांच्या जगाचे. फ्रान्समध्ये 1919 पासून एक ख्रिस्ती कामगार संघटना होती. परंतु ह्या धर्मगुरूंपैकी बहुतेकांनी सेजेटे ही मोठी, कम्युनिस्टांचे वर्चस्व असलेली संघटना पत्करली, कारण त्यांच्या खात्यातला कामगार तिच्यात होता. काहीजण तिचे पदाधिकारी निवडून आले. पेरँ आल्प्स पर्वतातल्या एका धरणाच्या कामावर संपाचा पुढारी झाला. 28 मे 1952 रोजी पॅरिसमध्ये अमेरिकन सेनापती रिज्वे ह्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली, त्यांत दोन कामकरी धर्मगुरू पकडले गेले आणि त्यांना पोलिसांचा मार खावा लागला. देशभर गदारोळ उठला. कामगार म्हणाले, हा आपला माणूस. पण 'आपला माणूस' होण्यातही एक धोका असतो. गर्दीबरोबर चालताना, हे मी श्रद्धेने करतो आहे की गर्दीला आवडते म्हणून करतो आहे, हे माणसाला कळेनासे होते. काहींचा धर्मगुरूपणा ह्या काळात सुटला, काहींनी विवाह केला. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरे दडपण त्यांच्या स्वतःच्या चर्चचे. मालकवर्गाच्या तक्रारी होत्याच. शिवाय 1949 साली रोमने कम्युनिस्टांशी सहकार्य करण्याविरुद्ध हुकूम काढला होता. त्याच वर्षी कार्डिनल स्युआर वारले आणि ह्या लोकांचा मोठा आधार गेला. अखेर जानेवारी 1954 मध्ये बिशपांनी त्यांना पत्र दिले : हाताचे काम दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको, संघटनेतली पदे सोडा, धर्मगुरूंच्या समूहात राहायला या, मुदत 1 मार्च 1954. आता तीन तास काम करणारा कामगार कोणता कारखाना ठेवून घेतो? म्हणजे हुकूम काम सोडण्याचाच होता. सुमारे निम्म्यांनी आज्ञा मानली; सुमारे निम्मे कामावर राहिले आणि चर्चच्या दृष्टीने बंडखोर ठरले. पेरँ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. 1959 मध्ये उरलेली अर्धवेळ कामाची सवलतही रोमने काढून घेतली.

रोमचे म्हणणे अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. धर्मगुरू हा सर्वांचा असतो. संपाचा पुढारी झालेला धर्मगुरू मालकाच्या मरणशय्येशी कोणत्या तोंडाने जाईल, हा प्रश्न खरा आहे. परंतु मालकाच्या पंगतीला बसणारा धर्मगुरू कामगाराच्या मरणशय्येशी कोणत्या तोंडाने जातो, हा प्रश्न शंभर वर्षे कोणी विचारला नव्हता. तो ह्या लोकांनी विचारला. आणि तो वाया गेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, 1965 साली, ही बंदी उठली. परिषदेने धर्मगुरूंविषयी केलेल्या ठरावात कामगारांच्या जीवनात सहभागी होऊन हाताने काम करणाऱ्या धर्मगुरूंचा उल्लेख आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फ्रान्समधली त्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली.

ह्या हकीकतीवरून आम्ही आमच्या लेथवरच्या सोबत्याकडे पुन्हा पाहिले. तोही दोन दडपणांत सापडलेला होता. आम्ही त्याला म्हणत होतो, आमच्यासारखा हो, नाहीतर तू आमचा नाहीस. त्याच्या मंडळीतले काहीजण म्हणत, लाल बावट्याच्या लोकांत उठबस कशाला, रविवारी पाळी का पत्करतोस? दोन्हीकडचे त्याला ओढत होते, आणि तो मधे उभा राहून आपले काम करीत होता.

'साहेबाचा देव' हे बोलणेही किती अडाणीपणाचे होते हे पुढे वाचताना कळले. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज खरे, पण त्यांनी रचलेले ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापले गेले, ते मराठी ओवीत. तेव्हा मुंबईत इंग्रज साहेबाचा पत्ताही नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांनी येशूची भक्ती मराठी भजनांतून आणि अभंगांतून गायिली, आणि ती पदे आजही मराठी ख्रिस्ती देवळांत म्हटली जातात. जो माणूस अभंगात प्रार्थना करतो त्याला परका म्हणणारे आम्ही कोण?

आणि हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. 1956 साली नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. जुन्या देवांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. त्यांच्या मुलानातवंडांपुढेही खंडेनवमीला हाच पेच उभा राहतो. मुसलमान सोबत्याचेही तेच. आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. 1986 साली केरळातल्या तीन शाळकरी मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ती यहोवाचे साक्षीदार ह्या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला. आदराने उभे राहणे हा अपमान नव्हे, हे न्यायालयाने मानले. आमचा सोबती टोपी काढून उभा राही, तो आमचा अपमान करीत नव्हता हे कळायला आम्हांला मात्र न्यायालयापेक्षा जास्त वेळ लागला.

आता चौकशीची गोष्ट. पॉवरप्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. आमच्या खात्यात त्यातले एक बटण तारेने दाबून बांधून ठेवलेले असे. एका हाताने माल ठेवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचे. तासाला नग जास्त निघत. सुपरवायझरचा तसा तोंडी हुकूम होता. आणि आता जे सांगतो ते सांगायला जड जाते. कामगारांनाही ते हवे होते, कारण जादा नगांवर जादा पैसे मिळत. आणि त्या करारावर युनियनतर्फे आमची सही होती. अपघात झाला त्या रात्री तार गुपचूप काढली गेली. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, पोराचे लक्ष नव्हते. खात्यातला एकही माणूस तोंड उघडेना. आम्हीही गुळमुळीत बोललो.

बोलला तो एकटा लेथवाला. तार कोणी बांधायला सांगितली ते त्याने सांगितले, आणि आम्ही सर्वांनी ती का चालू दिली तेही सांगितले. त्याच्या साक्षीमुळे त्या पोराला पूर्ण नुकसानभरपाई आणि हलके काम मिळाले. लेथवाल्याला काय मिळाले? त्याची बदली भांडारात झाली, जादा पैसे बंद झाले, आणि करार मोडल्याच्या रागाने आमचेच सभासद कित्येक महिने त्याच्याशी बोलत नव्हते. ज्याने नारळ फोडला नाही म्हणून बोटे गेली असे आम्ही म्हणत होतो, त्याच्यामुळे तार सुटली. आणि आम्ही ज्या दिवशी कुंकू लावले, त्या दिवशीही ती तार प्रेसला बांधलेलीच होती.

त्याची सही खोटी नव्हती, हे आम्हांला त्या दिवशी उमगले. लोकांच्या दडपणाखाली जो नारळ फोडीत नाही, तोच मालकाच्या दडपणाखाली खोटे बोलत नाही. दोन्हीकडे ताठ राहणारा कणा एकच असतो. त्याचा हट्ट संघटनेला जड जातो असे आम्ही समजत होतो. खरे तर संघटनेला ज्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते, तो हाच.

मग आम्ही काय केले? फार मोठे नाही. पूजेचा खर्च युनियनच्या वर्गणीतून करायचा नाही, ज्याला हवे त्याने स्वखुशीने द्यावे, असा ठराव केला. खंडेनवमी बंद केली नाही. ती कामगारांच्या जिव्हाळ्याची आहे आणि आमच्याही आहे. मात्र नारळ फोडण्याआधी प्रत्येक यंत्राची जाळी, बटणे आणि खटके तपासायचे, आणि ती यादी सर्वांसमोर वाचायची, अशी पद्धत घातली. पहिल्या वर्षी यादी वाचायला आम्ही त्यालाच भांडारातून बोलावले. तो आला, यादी वाचली, टोपी काढली आणि आरती संपेपर्यंत नेहमीसारखा मान खाली घालून उभा राहिला. त्या वर्षी त्याच्या शेजारी उभे राहायला आम्ही गेलो. आम्ही हात जोडले होते, त्याने जोडले नव्हते. आरती झाल्यावर त्याने विचारले, "भाऊ, सात नंबरच्या जाळीचा खटका ढिला आहे, आज बदलणार की उद्या?"

आम्ही म्हणालो, "आज."

श्रोतेहो, श्रद्धा कामाच्या जागी कशी पाळावी हे आम्ही कोणाला सांगत नाही. ती पाळणारा माणूस शेजारी असेल तर त्याच्याशी आपण कसे वागावे, एवढेच आम्ही शिकलो, आणि तेही उशिरा.